तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : वायफायची सेटिंग कर्नल ऐकत का नाही?

मागच्या अंकात लिनक्सवर नीट चालणारी वायफाय कार्डं कशी निवडायची ते आलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे कार्ड कुठलं घेऊ हे विचारणारे कमी, "मी सांगितलेली सेटिंग हा ऐकत का नाही" असं विचारणारे जास्त. हा म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत. ड्रायव्हर (कर्नल आणि कार्ड यांना जोडणारा कोड) लिहिणाऱ्यांची उत्तरं जरा लांबलीत, ज्यांना कोडशी घेणंदेणं नाही त्यांनी सरळ ओलांडून पुढे जावं.

प्रश्न (नाशिक) : जुना पीसी राऊटर म्हणून वापरतो. आयडब्ल्यू (वायफायची सेटिंग बघायची-बदलायची) कमांडने पॉवर ३० डीबीएम (रेडिओच्या ताकदीचं माप) केली, कमांड काही न बोलता पूर्ण झाली पण नंतर बघितलं तर २०च दिसतंय. चालत नसेल तर एरर यायला नको का? मित्र म्हणतो देश बदलून बोलिव्हिया टाक, पॉवर वाढते. टाकू का?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. कर्नल दोन पद्धतीने वागतो, काही गोष्टी तो सरळ नाकारतो आणि काही गुपचूप कापून घेतो, आणि पॉवर ही दुसऱ्या जातीतली. तुम्ही दिलेला आकडा "माझ्याकडून इतकी मर्यादा" असा लिहून ठेवला जातो, मग त्या चॅनलला तुमच्या देशात किती परवानगी आहे ते, कार्ड स्वतः किती देऊ शकतं ते, आणि तुमचा आकडा, यातला सगळ्यात लहान जो असेल तोच हार्डवेअरला जातो. ३० डीबीएम म्हणजे १ वॉट, २० म्हणजे १०० मिलिवॉट, तेव्हा फरक दहापट आहे हेही लक्षात घ्या. आयडब्ल्यू लिस्ट चालवून बघा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या पुढे कंसात मर्यादा छापून येते, तुमचे २० तिथेच सापडतील.

असं कापून घेणं मला पूर्ण चूक वाटत नाही, कारण चॅनल बदलला की मर्यादा बदलते आणि दरवेळी एरर दिली तर लॅपटॉप घेऊन फिरणारा माणूस वैतागेल. पण एक अट, खरा आकडा परत विचारल्यावर खरा सांगितला पाहिजे, आणि तो तुम्हाला दिसलाच. नाकारलं जातं ते वेगळंच. कमांडमध्ये पॉवर डीबीएमच्या शंभरपट लिहायची असते, ३०साठी ३०००, आता कुणी २०५० लिहिलं तर मॅक८०२११ हा कर्नलमधला थर आतमध्ये पूर्ण डीबीएमच मोजतो म्हणून अर्धा डीबीएम बघून वजा ९५ची एरर देऊन परत पाठवतो. म्हणजे मर्यादेबाहेरचं चालतं पण अपूर्णांक चालत नाही, असा हा विचित्र कारभार आहे.

बोलिव्हियाचं मनातून काढा. एकतर बऱ्याच इंटेल कार्डांमध्ये देश कार्डचं फर्मवेअरच (कार्डाच्या आतला प्रोग्राम) ठरवतं, आयडब्ल्यू रेग गेट केलं की त्यापुढे सेल्फ मॅनेज्ड (आपलं आपण बघणारं) असं लिहून येतं आणि तुम्ही काहीही टाका, ते ऐकत नाही. दुसरं, देशोदेशीच्या नियमांची यादी ४.१५ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच फाइलमधून वाचतो आणि त्या फाइलवरची डिजिटल सही जुळली तरच मानतो, तेव्हा यादीत खाडाखोड करायचा रस्ताही सोपा ठेवलेला नाही. आणि तिसरं, तुम्ही बसलाय नाशकात, नियम इथल्या दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगचे (रेडिओ लहरींचं काम बघणारा विभाग) लागू होतात, लॅपटॉपला काय वाटतं त्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न (जुन्नर) : आमच्या होमस्टेच्या वायफायला "शिवनेरी वायफाय" असं मराठीत नाव द्यायचं होतं, घेतच नाही. "घरचा वायफाय" मात्र घेतं. मराठीचं वावडं आहे का?

उत्तर : मराठीचं नाही, लांबीचं. वायफायच्या नावाला ३२ बाइट मिळतात, अक्षरं नव्हे, बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं संगणकात साठवायची पद्धत) ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. "घरचा वायफाय" मध्ये अशी १० चिन्हं आणि एक स्पेस, म्हणजे ३१, काठावर पास. "शिवनेरी वायफाय" ची १३ चिन्हं, ३९ आणि एक स्पेसचा, ४० झाले. नुसतं "शिवनेरी" ठेवा, २१मध्ये बसतं आणि दिसायलाही चांगलं.

ही ३२ची तपासणी एकाच जागी नसते, राऊटरचा वेबपेज करतो, हॉस्टएपीडी (मशीनकडून वायफाय पुरवून घेणारा प्रोग्राम) करतो आणि शेवटी कर्नलही करतो. तीन-तीनदा कशाला असं वाटेल, पण २०१९मध्ये कर्नलच्या जुन्या वायरलेस एक्स्टेन्शनच्या (वायफाय सेटिंगच्या आधीच्या पद्धतीच्या) कोडमध्ये एका ठिकाणी ही लांबी बघायची राहिली होती, जोडलेल्या ॲक्सेस पॉइंटचं (वायफाय पुरवणाऱ्या यंत्राचं) नाव वाचून परत देताना. समोरच्याने ३२पेक्षा लांब नाव पाठवलं की ते ठरलेल्या जागेच्या बाहेर मेमरीत सांडणार. सीव्हीई-२०१९-१७१३३ असा सुरक्षेतल्या चुकांच्या जागतिक यादीत त्याचा नंबर आहे. म्हणून एक तपासणी जास्त झाली तरी परवडते.

प्रश्न (सांगली, इंजिनियरिंगची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी) : प्रोजेक्ट म्हणून एका यूएसबी वायफाय डोंगलचा ड्रायव्हर लिहितेय. गाइड म्हणतात प्रत्येक सेटिंग लावण्याआधी ड्रायव्हरमध्ये सगळं तपासून घे. मी इतर ड्रायव्हर वाचले तर त्यात तपासणी फारच कमी दिसते. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही, पण तुमचे गाइड जे म्हणतायत ते "ड्रायव्हरमध्ये" हा शब्द काढून वाचा. तपासणी सगळी व्हायलाच हवी, फक्त ती थराथराने होते आणि ज्या थराला जी गोष्ट माहीत आहे तिथेच तिची तपासणी होते. हे एकदा डोक्यात बसलं की इतर ड्रायव्हर इतके मोकळे का दिसतात ते कळेल.

वरून येणारी प्रत्येक मागणी एनएल८०२११ नावाच्या नेटलिंक (प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातली निरोपांची वाट) दारातून येते. तिथे पॉलिसी नावाचा तक्ता असतो, कुठला ॲट्रिब्यूट (निरोपातली एक नोंद) कुठल्या टाइपचा, किती लांब, कमीतकमी जास्तीतजास्त किती. नावाचे ३२ बाइट इथेच अडतात. रिट्राय लिमिट (न पोचलेलं पाकीट किती वेळा पाठवायचं) शून्य टाकून बघा, चालणार नाही. कर्नलच्या ५.२ आवृत्तीपासून या तक्त्याची शिस्त आणखी कडक झाली, नवीन ॲट्रिब्यूटना पूर्वीसारखी ढिलाई मिळत नाही. पण तक्त्याला अर्थ कळत नाही, त्याला फक्त आकार कळतो.

अर्थ कळतो पुढच्या थराला, सीएफजी८०२११ला. बीकन इंटरव्हल (बीकन म्हणजे नेटवर्कची हाळी, ती किती वेळाने द्यायची) १० ते १०००० टाइम युनिटच्या बाहेर नको (एक युनिट १०२४ मायक्रोसेकंदांचं), एन्क्रिप्शनची चावी सीसीएमपी पद्धतीची असेल तर ती १६ बाइटचीच हवी, फ्रॅगमेंटेशन थ्रेशोल्ड (कुठल्या लांबीवर पाकिटाचे तुकडे करायचे) २५६च्या खाली नको, असं सगळं इथे. मजा बघायची असेल तर चॅनलची तपासणी वाचा. समजा कुणी ३६ नंबरचा चॅनल मागितला, म्हणजे ५१८० मेगाहर्ट्झ, आणि रुंदी ८०. मग मधला बिंदू खरं तर ५२१० हवा. पहिलं फंक्शन फक्त हिशोब बघतं, की मुख्य चॅनल आणि मधला बिंदू यात ८०च्या रुंदीला १० किंवा ३०चाच फरक असू शकतो. ५२०० दिलं तर फरक २०, बाद. पण कुणी चावटपणे ५१९० दिलं तर? फरक १०, हिशोबात बसलं, पहिलं फंक्शन सोडून देतं! दुसरं फंक्शन मात्र त्या ८० मेगाहर्ट्झचे २०-२०चे चार तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा कार्डच्या चॅनल-यादीत आहे का आणि बंद केलेला नाही ना ते बघतं. ५१९०च्या हिशोबाने पहिला तुकडा येतो ५१६०ला, तो बहुतेक कार्डांच्या यादीत नसतोच, तिथे मागणी पडते. म्हणजे "हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे का" आणि "हे या कार्डला, या देशात, आत्ता जमेल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच विचारलेत. मला हा कोड वाचायला आवडतो, खरंच.

आता नीट बघा, दुसऱ्या फंक्शनला चॅनल-यादी कुणी दिली? तुमच्या ड्रायव्हरने. कर्नलकडे कार्ड रजिस्टर करताना तुम्ही विफाय (एका कार्डाची कर्नलमधली नोंद) स्ट्रक्चरमध्ये जे जे भरता, बँड, चॅनल, किती रुंदी जमते, कुठले इंटरफेस मोड, एकावेळी कोणकोणते मोड एकत्र चालतात, एका स्कॅनमध्ये किती नावं शोधता येतात, अँटेना किती, ते सगळं सीएफजी८०२११ तुमच्या वतीने दारात उभं राहून वापरतं. तुमच्या डोंगलला एका स्कॅनमध्ये ४ नावं जमत असतील तर तिथे ४ लिहा, पाचवं मागणारा तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. लोक काय करतात, दुसऱ्या ड्रायव्हरमधून हा भाग उचलून चिकटवतात, त्यात असतात १६, आणि मग आपल्या स्कॅन फंक्शनमध्ये ४च्या वर आलं तर नाकारायचा इफ टाकतात. चालतं, पण वरचा सॉफ्टवेअर १६ धरूनच मागत राहतो आणि त्याला दरवेळी नकार मिळतो, स्कॅनच होत नाही. म्हणून माझा आग्रह असा की तपासणीचा कोड लिहायच्या आधी रजिस्ट्रेशनचा कोड प्रामाणिक करा, निम्म्याहून जास्त काम तिथेच संपतं.

मग ड्रायव्हरमध्ये उरतं काय? जे फक्त तुमच्या चिपला माहीत आहे आणि वर सांगायला जागा नाही ते. अमुक फर्मवेअर आवृत्तीत तमुक मोड चालू असताना रुंदी बदलत नाही, असल्या गोष्टी. तिथे तुम्ही तपासा आणि नेमका एरर नंबर द्या. चुकीची मागणी असेल तर वजा २२, बरोबर आहे पण आत्ता नको तर वजा १६, आम्हाला जमतच नाही तर वजा ९५. सगळ्याला वजा २२ देणारे ड्रायव्हर बघितलेत, वापरणारा रात्रभर कमांडचं स्पेलिंग तपासत बसतो. शक्य तिथे नेटलिंकची वाढीव एररची सोय वापरा, त्यात एक वाक्य लिहून पाठवता येतं आणि आयडब्ल्यू ते छापून दाखवतं.

एक सापळा मॅक८०२११ वापरणाऱ्यांसाठी. काही कॉलबॅक (मॅक८०२११ ड्रायव्हरला हाक मारतं ती फंक्शनं) पूर्णांक परत देतात, काही काहीच देत नाहीत. बीएसएसची (जोडलेल्या नेटवर्कची) माहिती बदलली हे सांगणारा कॉलबॅक व्हॉइड आहे, म्हणजे तिथे तुम्हाला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही. तिथे पोचल्यावर "अरे हे जमणार नाही" असं लक्षात आलं तर उशीर झालेला असतो, लॉगमध्ये रडण्यापलीकडे काही हातात नाही. तेव्हा तो नकार आधीच्या कुठल्या तरी पायरीवर द्यायला हवा होता, आणि बहुतेक वेळा ती पायरी म्हणजे परत तेच, रजिस्ट्रेशन.

प्रश्न (पुणे) : कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये चिप बनवणाऱ्याने दिलेला जुना ड्रायव्हर आहे, सेटिंग खासगी आयओसीटीएलने (ड्रायव्हरला थेट हुकूम द्यायची जुनी सोय) जातात. कधीकधी कॉल फेल होतो तरी अर्ध्या सेटिंग बदललेल्या असतात. कुठून सुरुवात करू?

उत्तर : कॉलच्या आतला क्रम कागदावर लिहून काढा, बहुतेक तो असा निघेल की एक फील्ड तपासली, चिपला लिहिली, दुसरी तपासली, लिहिली, तिसरी चुकली, परत फिरलो. घर बदलताना अर्धं सामान टेम्पोतून उतरवल्यावर नव्या घराची किल्ली शोधायला लागावं तसलं हे काम आहे. आधी सगळ्या फील्ड तपासा, एकमेकींशी जुळतात का तेही बघा, तोवर चिपला हात लावू नका, आणि मग लिहायला घ्या.

लिहिताना फेल झालं तर? मेन कर्नलमध्ये रिट्राय, फ्रॅगमेंटेशन, आरटीएस थ्रेशोल्ड (किती मोठ्या पाकिटाआधी हवेत जागा मागायची) यांच्यासाठी जे केलंय ते उचला : जुन्या किमती बाजूला ठेवायच्या, नव्या भरायच्या, ड्रायव्हरला विचारायचं, त्याने नाही म्हटलं की जुन्या परत ठेवायच्या. पण तिथेही सगळं आलबेल नाही बरं का. त्याच कमांडमध्ये पॉवर आणि अँटेनाची सेटिंगही येऊ शकते, ती या टप्प्याच्या आधी, एकेक करून लागते आणि पुढे काही चुकलं तर मागे फिरवली जात नाही. बरेच ड्रायव्हर इंटरफेस चालू असताना अँटेना बदलू देत नाहीत, मग एकाच मेसेजमध्ये दोन्ही पाठवले तर पॉवर बदललेली आणि हातात एरर, असं होऊ शकतं. आयडब्ल्यू एकावेळी एकच पाठवतं म्हणून सहसा कुणाला दिसत नाही. तुम्ही स्वतः नेटलिंक मेसेज बांधणार असाल तर तुम्हीही एकेकच पाठवा.

आणखी तीन गोष्टी त्या ड्रायव्हरमध्ये शोधा. एक, यूजरकडची मेमरी दोनदा वाचली जाते का, आधी लांबी बघायला आणि मग पूर्ण डेटा घ्यायला. दोन वाचनांच्या मधे दुसरा थ्रेड ती लांबी बदलू शकतो, म्हणजे तपासली एक आणि वापरली दुसरी. एकदाच कॉपी करा, त्याच कॉपीवर तपासणी, त्याच कॉपीवर काम. दोन, तपासणी आणि लावणं एकाच लॉकखाली आहे का, कारण मधल्या वेळात देशाचे नियम बदलू शकतात, रडार दिसून चॅनल बंद होऊ शकतो. मेन कर्नलमध्ये ५.१२पासून प्रत्येक विफायचा स्वतःचा म्युटेक्स (एकावेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आहे आणि ड्रायव्हरला हाक मारताना तो धरलेला असतो, तुमच्या जुन्या आयओसीटीएलच्या वाटेवर तसं काही नसणार. तीन, आणि हे फार जागी सापडतं, फर्मवेअरने हो म्हणायच्या आधीच ड्रायव्हर आपल्या स्ट्रक्चरमध्ये नवीन किंमत लिहून मोकळा होतो. त्यावेळी काही बिघडत नाही. पुढे कधीतरी फर्मवेअर आपटतं, ड्रायव्हर त्याला उठवून साठवलेल्या सगळ्या सेटिंग परत पाठवतो आणि त्यात ती कधीच मंजूर न झालेली किंमतही जाते, मग फर्मवेअर पुन्हा आपटतं आणि तुम्ही महिनाभर भलतीकडेच बग शोधत फिरता.

जमलं तर हळूहळू एनएल८०२११च्या व्हेंडर कमांडकडे (चिप बनवणाऱ्याच्या खास कमांड) वळा, तिथे निदान प्रत्येक कमांडची पॉलिसी द्यावी लागते, नाही दिली तर रजिस्टर करतानाच कर्नल बोंब मारतो.

प्रश्न (कोल्हापूर) : सेटिंग बदलायला रूट लागतंच. रूटवाला माणूस तसाही मशीनची वाट लावू शकतो, मग एवढी तपासणी कशाला?

उत्तर : लागतं ते पूर्ण रूट नाही, नेट-ॲडमिन नावाची परवानगी, आणि ती नेटवर्कचं काम करणाऱ्या कितीतरी प्रोग्रामांना दिलेली असते. नेटवर्क सांभाळायचा अधिकार म्हणजे कर्नलची मेमरी विस्कटायचा अधिकार नव्हे. २०१७चा सीव्हीई-२०१७-१२१५३ घ्या, रीकीची (एन्क्रिप्शनची चावी बदलण्याची) माहिती देणाऱ्या कमांडमध्ये जरूरीचे ॲट्रिब्यूट आलेत का हेच बघितलं नव्हतं, ते न देता कमांड पाठवली की कर्नल नल पॉइंटरवर (रिकाम्या पत्त्यावर) जाऊन पडायचा. यात हल्लेखोरच लागतो असं नाही, एखाद्या अर्धवट स्क्रिप्टनेही होईल. २०१९चा १६७४६ नंबरचा बग तर शिकण्यासारखा : ॲक्सेस पॉइंट सुरू करताना बीकनचा पुढचा भाग एक गठ्ठा म्हणून येतो, त्याच्या आतल्या प्रत्येक एलिमेंटला एक बाइट ओळख, एक बाइट लांबी आणि मग डेटा. आतल्या त्या लांब्या गठ्ठ्यात बसतात का हे कुणी चालत जाऊन बघत नव्हतं, आता बघतात.

आणि हेच एलिमेंट हवेतूनही येतात, तिथे कसली परवानगी नि कसलं काय. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये बीकन वाचणाऱ्या कोडमधले असे पाच सीव्हीई एकदम बाहेर आले, डार्मश्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या एका संशोधकाने त्यांची सुरुवात करून दिली होती. त्यातल्या एकात लांबी आठ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये मावत नव्हती, एवढंच कारण.

प्रश्न (म्युनिक, मूळ पुण्याच्या वाचक) : इथे आल्यावर घरच्या ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं लिनक्स) राऊटरला ११६ चॅनल, ८० रुंदी दिली तर दहा मिनिटं वायफाय दिसतच नाही. १०० दिला तर मिनिटभरात येतं. बिघडलाय का?

उत्तर : अजिबात नाही, नियम पाळतोय. ते दोन्ही चॅनल रडारच्या पट्ट्यात येतात, बोलायला सुरुवात करण्याआधी राऊटरने आधी ऐकायचं असतं. युरोपात साधारण ६० सेकंद, पण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ हा हवामानाच्या रडारचा भाग आहे, तिथे १० मिनिटं. ११६ स्वतः त्या भागाच्या बाहेर आहे, पण ८० रुंदी म्हटल्यावर तो १२०, १२४ आणि १२८ला सोबत घेतो, म्हणजे ५५७० ते ५६५०. ऐकून पूर्ण झालं नसेल तर कर्नल बीकन सुरूच करू देत नाही. मधेच रडार दिसलं तर तो चॅनल ३० मिनिटं बंद. १००वर राहा, किंवा ३६ घ्या, तिथे ८० रुंदीपर्यंत थांबावं लागत नाही.

प्रश्न (अमरावती) : हे सगळं करून बघायचंय पण जादाचं कार्ड नाही, घरातलं वायफाय बंद पडलं तर घरचे ओरडतील.

उत्तर : मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम नावाचं मॉड्यूल कर्नलसोबतच येतं, मॉडप्रोब कमांडने लोड करा, रेडिओची संख्या २ द्या, दोन खोटी कार्डं तयार होतील. एकावर हॉस्टएपीडी चढवा, दुसऱ्याने जोडा, हवी तेवढी चुकीची सेटिंग द्या, खऱ्या कार्डाला धक्का लागत नाही. बीकन इंटरव्हल ५ ठेवून बघा, वरचं ते ५१९० देऊन बघा, फ्रॅगमेंटेशन थ्रेशोल्ड ५०१ दिलात तर एरर न येता ५०० झालेला दिसेल, कारण तुकडे सम लांबीचे लागतात म्हणून शेवटचा बिट कर्नल स्वतःच पुसतो. गूगलचा सिझबॉटही (कर्नलमधले बग शोधणारा प्रोग्राम) याच खोट्या कार्डांवर दिवसरात्र वेड्यावाकड्या कमांड मारत असतो. फक्त एक सांभाळा, खोटी कार्डं आली की नेटवर्क मॅनेजर त्यांनाही उचलायला धावतो, त्याला आधी ती दोन सोडायला सांगा.